बिनखवल्याची जिलबी

यंदाच्या अंकाचा विषय 'त्वचा' ठरला. संपादकांचा फोन आला तोवर सोपे विषय वाटले गेले होते. गोंदण एकीने घेतलं होतं, कोल्हापुरी चपलेचं चामडं दुसऱ्याने, गोरेपणाच्या क्रीमचा बाजार तिसऱ्याने. "तुमच्यासाठी साप ठेवलाय," संपादक म्हणाले, "पण कात टाकणारा नेहमीचा नको. ज्याच्या अंगावर खवलेच नाहीत असा बघा."

मला आधी थट्टा वाटली. पण असे साप आहेत, आणि लोक ते हौसेने पाळतात. कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. शेताच्या कडेने, कोठारांतून, उंदरांच्या मागावर फिरणारा. बिनविषारी, तीन ते पाच फूट लांब, स्वभावाने गरीब. आपल्या धामणीच्या आणि तस्कराच्या कुळातला. नारिंगी-तपकिरी अंगावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके, हे त्याचं रानातलं रूप. माणसाच्या हाती लागल्यावर त्याच्या रंगांचे, नक्षीचे अनेक प्रकार निघाले. हौशी मंडळी त्यांना 'मॉर्फ' म्हणतात. 'स्केललेस' हा त्यांतलाच एक. पाठीवर खवले नाहीत, कुशीवर नाहीत. नुसती कातडी.

असा एक साप हैदराबादेत, चिक्कडपल्लीतल्या एका मराठी घरात आहे, असं ओळखीतून कळलं. घरच्यांची एकच अट होती: नाव-पत्ता छापायचा नाही. अट मान्य केली. तिच्यामागे शेजाऱ्यांची भीती असावी असा माझा समज होता. ती होतीच, पण दुसरंही एक कारण होतं. त्याकडे पुढे येतो.

पुलाखालचं चिक्कडपल्ली

आरटीसी क्रॉस रोड्सला संध्या, सुदर्शन, देवी ही थिएटरं. शुक्रवारी तिथे नव्या सिनेमाचे कटआउट, दुधाचे अभिषेक आणि बिर्याणीच्या रांगा. तिथून नारायणगुड्याकडे निघालं की चिक्कडपल्ली लागते. रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो गेली आहे, तिच्या पुलाने खालचा उजेड कमी केला आहे. सिटी सेंट्रल लायब्ररीच्या आवारात सकाळपासून स्पर्धा परीक्षांची मुलं जाडजूड पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेली. त्यागराय गान सभेत संध्याकाळी गाण्याचा, नाहीतर सत्काराचा कार्यक्रम. आत वळलं की जुनी दुमजली घरं आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटी.

हैदराबादेत मराठी माणूस नवा नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. नोकरी, वकिली, शिक्षण यांसाठी नांदेड-परभणीची घरं इथे आली. काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार या भागांत स्थिरावली आणि पुढच्या पिढ्या आसपास पांगल्या. मी गेलो ते घर त्यांतलंच. आई शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलगा हायटेक सिटीत कॉम्प्युटरच्या नोकरीत. मराठी बोलता बोलता "हौ" आणि "नक्को" सहज येऊन जाणारं घर.

"मी पहिलेच सांगितलं होतं, भाऊ," आई म्हणाल्या, "साप आला की मी नांदेडला भावाकडे जाते. गेले पण. परत आले तर ही बया तिथंच. मग म्हटलं, चला, आता नाव तरी ठेवू." नाव त्यांनीच ठेवलं. केशरी रंग आणि बसणं वेटोळं घालून, म्हणून जिलबी.

मुलाच्या खोलीत कपाटाच्या उंचीवर चार फूट लांब, दोन फूट खोल लाकडी पेटी आहे, पुढे सरकत्या काचा. काचांना कुलूप. "डोकं मावलं की अख्खी बाहेर येते, काका," मुलाने बोटभर फट दाखवून सांगितलं. मला आधी हात धुवायला लावले, बिनवासाच्या साबणाने. हाताला खाण्याचा वास असला तर बोट आणि भक्ष्य यांत तिचा घोटाळा होऊ शकतो. हाताळून झाल्यावर पुन्हा धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

जिलबी हातात आली. थंडगार लागेल अशी तयारी ठेवली होती, लागली कोमट. कातडी मऊ, किंचित सैल, आणि अंग जिथे वळतं तिथे बारीक वळ्या पडलेल्या, तान्ह्या बाळाच्या मानेला पडतात तशा. मधे खवल्यांची जाळी नसल्याने रंग थेट डोळ्यांत भरतो. केशरी अंग, त्यावर गडद लालसर ठिपके, लाल डोळे. काळं रंगद्रव्यच नसलेला हा प्रकार. पोटाकडून मात्र स्पर्श निराळा. तिथे रुंद, कडक पट्ट्या एकीला लागून एक, गळ्यापासून शेपटीपर्यंत. पुढे सरकताना त्यांतली एकेक पट्टी तळहातावर रुतते आणि सुटते. म्हणजे बिनखवल्याच्या सापालाही पोटावर खवले असतात. ते नसते तर त्याला चालणं अवघड झालं असतं.

पाठीवर नाहीत, पोटावर आहेत

पोटाचा हा अपवाद शास्त्रज्ञांच्या फार कामी आला. जिनिव्हा विद्यापीठात मिशेल मिलिंकोविच आणि अथानासिया त्सिका यांच्या प्रयोगशाळेत कॉर्न स्नेक अभ्यासासाठी पाळले जातात. २०२३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात खवलेवाले आणि बिनखवल्याचे गर्भ शेजारी ठेवून पाहिले. गर्भाचं शरीर सुरुवातीला खंडाखंडांत घडतं. त्याच खंडांतून पुढे मणके आणि बरगड्या होतात. पोटावरच्या पट्ट्या या खंडांच्या हुकमाने मांडल्या जातात. म्हणून तर पोटावरची पट्टी आणि आतला मणका यांची जोडी जुळते आणि साप बरगडीने पट्टी ओढून पुढे जातो. पाठीवरच्या खवल्यांची षटकोनी मांडणी वेगळ्या रीतीने होते. कातडीतली रसायनं एकमेकांना चेतवत आणि आवरत आपली नक्षी आपणच घडवतात. गणिती ॲलन ट्युरिंगने १९५२ साली कागदावर मांडलेली ही कल्पना. ही नक्षी पोटाच्या पट्ट्यांपासून सुरू होऊन पाठीकडे चढत जाते.

स्केललेस सापात बिघाड असतो तो या चढत्या नक्षीत. एडार नावाचं एक जनुक आहे. कातडीच्या पेशींनी "इथे काहीतरी उगवायचं आहे" असा निरोप घ्यायचा, तो या जनुकामुळे. सापात तिथे खवला उगवतो, पक्ष्यात पीस, आपल्यात केस. सुरुवात तिन्हींची सारखीच, कातडीचा एक इवलासा जाड ठिपका. निरोप घेणाराच नादुरुस्त असला की पाठ कोरी राहते. पोटाला खंडांचा वेगळा हुकूम असल्यामुळे पोट बचावतं.

माणसांतही निरोपांची हीच साखळी तुटते. अशा माणसांना केस विरळ, दात मोजके आणि घामाच्या ग्रंथी जवळजवळ नसतात. तिची एक जुनी नोंद चार्ल्स डार्विनने केली आहे, आणि ती आपल्या जवळची आहे. सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिकत त्याला वेडरबर्न नावाच्या गृहस्थाने कळवली होती. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दात अगदी थोडे, अंगावर केस नाममात्र, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून जिवाची काहिली. १८७५ च्या आवृत्तीत डार्विनने ती छापली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. चिक्कडपल्लीतल्या काचेआडची कातडी आणि सिंधमधल्या त्या पुरुषांची कातडी यांच्या व्यथेचं मूळ एकाच वाटेवर आहे.

मग जिलबीलाही उन्हाळ्यात तशीच काहिली होते का? मला हा प्रश्न पडला, आणि १९७२ सालीच कोणीतरी तो तपासून ठेवला होता. लिक्ट आणि बेनेट या दोन अमेरिकन संशोधकांना गोफर स्नेक जातीचा एक बिनखवल्याचा साप मिळाला. त्याच्या अंगातून पाणी किती उडतं, उष्णता किती जाते हे त्यांनी मोजलं. नेहमीच्या सापाच्या मानाने फारसा फरक निघाला नाही. पुढच्या अभ्यासांत कारणही कळलं: पाणी अडवतात ते कातडीच्या थरांतले स्निग्ध पदार्थ. खवल्यांचं काम मुख्यतः चिलखताचं. काटा, खडक, झाडाची साल, उंदराचे दात, यांपासून अंग वाचवणं.

हे चिलखत गेलं कसं? अपघाताने, आणि मग माणसाच्या हट्टाने. कॉर्न स्नेकच्या रंगांच्या पैदाशीला १९५०च्या दशकात चालना मिळाली, ती रानात सापडलेल्या काळं रंगद्रव्य नसलेल्या एका सापापासून. त्याचा वारसा पद्धतशीर तपासणारे बर्नार्ड बेक्टेल हे पेशाने त्वचारोगतज्ज्ञ होते. बिनखवल्याचा प्रकार बराच नंतरचा. ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक या जवळच्या जातीत तो गुण आढळला आणि संकरातून कॉर्न स्नेकमध्ये उतरवला गेला. गुण दबका आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. एकाच बाजूने आलेला साप दिसायला नेहमीसारखा, पण गुण पोटात घेऊन फिरणारा. पैदासवाले त्याला 'हेट' म्हणतात आणि तोही जास्त भावाने विकतात. रानात असं पिल्लू निघालंच तर टिकणं कठीण. घरात टिकतं, कारण त्याचं चिलखत व्हायचं काम घरमालक अंगावर घेतो.

मे महिन्यातला बर्फ

हे काम बघायला मिळालं ते पेटीच्या आत. उपड्या कुंडीला फोडून केलेलं दार, आणि त्या दाराची कडा पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केलेली. चढायला फांदी, तिची साल काढलेली, गाठी घासलेल्या. दगड नाहीत, खरखरीत लाकडाच्या ढलप्या नाहीत. खाली कागद आणि त्यावर चाळून घेतलेलं कोकोपीट. नेहमीच्या कॉर्न स्नेकला यातलं निम्मं केलं नाही तरी चालतं. हिला खरचटलं तर थेट जखमच होते आणि जखमेत जंतू शिरतात.

पाळण्याची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिलेली आहेत. त्यांची पानंच्या पानं ऊब कशी द्यावी यावर खर्ची पडतात. या सापाला पेटीची एक बाजू तीस अंशांच्या आसपास लागते आणि दुसरी चोविसाच्या. तो स्वतः अंगात उष्णता तयार करत नाही. कधी इकडे, कधी तिकडे बसून आपलं तापमान राखतो. म्हणून दोन्ही टोकांना लपायला जागा हवी. एकीकडेच असली तर सुरक्षित वाटावं म्हणून तो नको त्या तापमानात बसून राहतो. हैदराबादेत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोडल्या तर ऊब ही अडचणच नाही. हिवाळ्यात पेटीच्या तळाला बाहेरून गरम पट्टी लावलेली असते, तिला थर्मोस्टॅट. तो नसला तर पट्टी तापत राहते, आणि साप तापलेल्या जागेवरून वेळेत उठेलच असं नाही. भाजण्याचे अपघात होतात ते असेच. उघड्या कातडीला तर ते अधिकच महाग पडतात.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. पस्तिशीच्या पुढे या सापाचा जीव धोक्यात येऊ लागतो. त्या दोन महिन्यांत खोलीतला एसी मुलासाठी नसतो, जिलबीसाठी असतो. वीज गेली की फ्रीजरमधल्या गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या छताच्या जाळीवर ठेवायच्या. ही ड्यूटी आईंची. मुलगा ऑफिसात असतो तेव्हा त्याच पेटीतलं तापमान बघतात आणि फोनवर कळवतात. "मला ती आवडते असं नाही बघा," त्या म्हणाल्या, "पण तापली तर माझ्याच्याने बघवत नाही."

हवेतल्या ओलाव्याची तऱ्हा याहून चमत्कारिक. उन्हाळ्यात दख्खनची हवा कोरडीठाक, पावसाळ्यात दमट. हिला दोन्हींच्या मधलं हवं, चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान. उन्हाळ्यात एका प्लास्टिकच्या डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ ठेवतात. कात टाकायच्या दिवसांत ती त्या डब्यात जाऊन बसते. पावसाळ्यात उलट. कोकोपीटला बुरशी धरते, ते वरचेवर बदलावं लागतं, नाहीतर पोटाच्या पट्ट्यांखाली ओल राहून फोड येतात.

कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, रंग मंदावतो, ती खात नाही आणि हात लावून घ्यायला नाखूश असते. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि काही दिवसांत कात उतरते, नाकाकडून सुरू होऊन शेपटीपर्यंत, उलट्या बाजूने. मुलाने जपून ठेवलेली एक कात दाखवली. आपण शेतात बघतो त्या कातीवर खवल्यांची जाळी असते. हिच्या पाठीकडची कात म्हणजे सुरकुतलेला, कोरा, पारदर्शक पापुद्रा. पोटाकडच्या पट्ट्यांचे ठसे मात्र ओळीने स्पष्ट, दोनशेच्या आसपास. शेपटीचं टोक आणि डोळ्यांवरचा पापुद्रा निघाला की नाही, हे दर वेळी बघायचं. शेपटीला कात अडकली की ती वाळून आवळते आणि टोक झडतं. हिच्याबाबतीत एक गोष्ट सोपी, मुलगा म्हणाला. अंगावर बारीक कीड झाली तर लगेच दिसते, कारण लपायला खवले नाहीत.

चातुर्मास पाळणाऱ्या घरातला फ्रीज

घरात कांदा-लसूण चातुर्मासात वर्ज्य. आणि गॅलरीत एक छोटा वेगळा फ्रीज, त्यात गोठवलेले उंदीर. या व्यवस्थेची वाटाघाट कशी झाली असेल ते मी विचारलं नाही; आईंनीच सांगितलं. फ्रीज वेगळा, चिमटा वेगळा, भांडं वेगळं, आणि एकादशीला जिलबीचाही उपास. "तिला काय फरक पडतो?" असं विचारलं तर मुलगा हसला. "काही नाही पडत, काका. मोठा साप दहा-चौदा दिवसांनी खातो. एकादशी धरून तारीख पुढे-मागे करतो."

उंदीर पैदास करून विकणाऱ्यांकडून येतात, आकारानुसार नावं: नुकता जन्मलेला बिनकेसाचा तो 'पिंकी', अंगावर लव आलेला 'फझी', मग 'हॉपर', मग मोठा. सापाच्या अंगाचा जो सगळ्यात जाड भाग, साधारण तेवढ्या जाडीचा उंदीर द्यायचा. पिल्लू असताना पाच-सात दिवसांनी एक पिंकी, पुढे अंतर वाढवत न्यायचं. सापाचा घास मोठा आणि अंतर लांब हे मनाला पटायला वेळ लागतो. बहुतेक पाळीव कॉर्न स्नेक उपासमारीने आजारी पडत नाहीत, लठ्ठपणाने पडतात.

जिवंत उंदीर कधीच नाही. पेटीत कोंडलेला उंदीर जिवावर उदार होऊन चावतो आणि खवलेवाल्या सापालाही जायबंदी करतो. जिलबीला तर त्याचा एकच दात पुरे. म्हणून गोठवलेला. फ्रीजरमधून काढून आधी गार पाण्यात, मग गरम पाण्यात. आतपर्यंत वितळला आहे ना हे बोटाने दाबून बघायचं. शेवटी डोकं जरा जास्त गरम करून लांब चिमट्यात धरायचं. मी तिथे असताना हे झालं. चिमटा आत गेला, जिलबीची जीभ दोन-चारदा लवलवली, मान मागे गेली, आणि पुढचं डोळ्यांना नीट दिसलंच नाही. उंदीर वेटोळ्यात होता. मेलेल्या उंदरालाही तिने बराच वेळ आवळून धरलं, मग तोंड चाचपत डोक्याकडून गिळायला सुरुवात केली. जबड्याच्या मागे कातडी ताणली गेली तशी तिच्यातल्या शिरांची निळसर जाळी दिसू लागली. नेहमीच्या सापात ताण पडला की खवले एकमेकांपासून दूर होतात आणि मधली कातडी दिसते. इथे सगळंच उघडं.

यानंतर दोन दिवस तिला हात लावायचा नाही. पोट भरलेला साप घाबरला की ओकतो, आणि ओकणं त्याच्या घशाला-पोटाला फार जड जातं. मग ती नुसती बसते, गरम बाजूच्या कुंडीत. कुत्रा-मांजर पाळलेल्यांना हे पाळणं कंटाळवाणं वाटेल. हाक मारून येत नाही, ओळख दाखवत नाही. तिला सवय होते एवढंच. माणसाच्या वासाची, हाताच्या उबेची. घाबरायचं सोडून देते, याला आपण वाटलं तर माया म्हणावं.

कोणत्याच यादीत नाही

आता त्या दुसऱ्या कारणाकडे. जिलबीचे कागद मागितले तर मुलाने विक्रेत्याची एक साधी पावती दाखवली. पिल्लू भारतातच जन्मलेलं, एवढंच त्यावर. तिचे आई-बाप किंवा आजी-आजोबा या देशात कसे आले, याचा कागद नाही. बहुतेक पाळीव परदेशी सापांची गोष्ट इथे येऊन अडते.

देशी सापांबाबत कायदा स्वच्छ आहे. नाग, धामण, अजगर, मांडूळ यांतला कुठलाही पकडून घरात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. गुप्तधनाच्या आणि औषधाच्या भाकडकथांपायी मांडुळाची तस्करी करणारे महाराष्ट्रात दर थोड्या दिवसांनी पकडले जातात, ते याच कायद्याने. परदेशी प्राणी बरीच वर्षं या कायद्याच्या बाहेर होते. २०२२ च्या दुरुस्तीने चौथी अनुसूची नव्याने आली. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या जाती तीत घेतल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नियम आले: असा प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळं कळवायचं.

बॉल पायथन या यादीत आहे, म्हणून त्याच्या मालकाला नोंद करावी लागते. कॉर्न स्नेक साइट्सच्या परिशिष्टांत नाही, कारण रानात त्याची चणचण नाही. म्हणून तो अनुसूचीत नाही, आणि म्हणून नोंद करायची म्हटली तरी रकाना नाही. परदेशातून आणायचा तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो, विलगीकरण लागतं. एकदा तो सीमा ओलांडून आत आला आणि इथे अंडी घातली, की पिल्लांचा माग राहत नाही. मुलाने काही चोरलेलं नाही, पण आपलं सगळं नियमात आहे असं छातीठोकपणे सांगायला त्याच्याजवळ कागद नाही.

आणि सीमा ओलांडण्याच्या रीती भयंकर आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत ११ साप निघाले: ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. महसूल गुप्तचर संचालनालयाने ते जप्त केले आणि त्यांची बँकॉकला परत पाठवणी झाली. पाकिटात कोंबून कित्येक तास प्रवास केलेला साप जगला तरी पाण्यावाचून, उष्णतेवाचून खचलेला असतो. बाजारात "इथेच पैदास केलेला" म्हणून विकला जाणारा प्रत्येक साप खरोखर इथलाच, हे कोण सांगणार?

पकडणाऱ्यांचं शहर

हैदराबादेत साप घरात शिरला की लोकांना काय करायचं ते ठाऊक आहे. फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी ही संस्था १९९५ पासून काम करते. फोन केला की स्वयंसेवक येतो, साप पिशवीत घेतो, आणि वनखात्याच्या संमतीने तो जंगलात सोडला जातो. शहर तलावांच्या, माळांच्या अंगावर पसरत गेलं तसे हे फोन वाढत गेले. वर्षाला हजारो साप, आणि त्यांत नागांचं प्रमाण मोठं. पुण्यात हीच परंपरा नीलिमकुमार खैरे यांच्यापासून. त्यांनी १९८० साली ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढून लोकांची भीती घालवायचा प्रयत्न केला. पुढे १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. साप पकडायचा तो सोडण्यासाठी, हा धडा या दोन्ही शहरांनी लोकांना दिला.

त्याआधीचा आपला सापाशी व्यवहार भक्तीचा आणि छळाचा एकत्र होता. गारुड्याच्या टोपलीतल्या नागाचे दात तोडायचे, त्याला तहानलेला ठेवायचा, आणि नागपंचमीला दूध पुढे करायचं. कोरड पडलेला जीव ते पितो आणि लोकांना चमत्कार वाटतो. बत्तीस शिराळ्यातल्या जिवंत नागांच्या मिरवणुकीला उच्च न्यायालयाने २००२ साली अटकाव केला. तेलुगू घरांत कार्तिकातल्या नागुल चवितीला वारुळात दूध ओततात. चिक्कडपल्लीतल्या शेजारणी त्या दिवशी पूजेला निघतात, तेव्हा आपल्या भिंतीपलीकडे एक साप एसीत बसला आहे हे त्यांना माहीत नसतं.

पण जिलबी निसटली तर? खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात केशरी साप दिसला तर सुदैवाने कोणी स्वयंसेवकाला फोन करील, दुर्दैवाने काठी घेईल. स्वयंसेवक आला तरी तिला सोडायचं कुठे? परदेशी साप इथल्या जंगलात सोडणं चूक. लाल कानांची अमेरिकन कासवं कंटाळून तळ्यांत सोडून दिलेल्यांनी ते दाखवून दिलं आहे; ती आता इथल्या कासवांच्या वाट्याचं खातात. बिनखवल्याची तर पहिल्याच काटेरी झुडपात सोलवटून निघेल. हजारो सापांना वाट दाखवणाऱ्या या शहरात एका पाळीव सापासाठी मात्र ठरलेली वाट नाही. सरपटणाऱ्यांचं नेमकं ज्ञान असलेले पशुवैद्यही मोजके. कुत्र्याला ताप आला तर गल्लीत दवाखाना आहे. सापाला न्युमोनिया झाला तर आधी डॉक्टर शोधायचा, मग पेटी रिक्षात घालून शहर ओलांडायचं.

वीस वर्षांचं लेकरू

कॉर्न स्नेक चांगला सांभाळला तर पंधरा ते वीस वर्षं जगतो. सत्तावीस वर्षांचा मुलगा आज जी पेटी सांभाळतो आहे ती तो सत्तेचाळिशीचा होईतो सांभाळावी लागेल. मधे बदली, परदेश, लग्न, भाड्याचं घर. "अमेरिकेचं काही ठरलं तर?" मी विचारलं. तो गप्प झाला. आई म्हणाल्या, "मग काय, बाटल्या मीच ठेवणार."

त्या घरातली काळजी बघून माझं मत पालटलं का, असं संपादक विचारतील. जिलबीबद्दल पालटलं, तिच्या जातीबद्दल नाही. समोर असलेल्या जिवाला त्या घरात जे मिळतं ते पुष्कळ कुत्र्यांनाही मिळत नाही. पण अशी पिल्लं मुद्दाम काढत राहणं मला पटलं नाही. चिलखताशिवाय जन्मलेला जीव केवळ रंग उठून दिसतो म्हणून वाढवायचा, आणि मग त्याच्यासाठी कुंडीची कडा घासत बसायचं, यात सापाचा फायदा कुठेच नाही. पाळायचाच असेल तर खवलेवाला साधा कॉर्न स्नेक त्याच पेटीत निम्म्या जोखमीत राहतो.

सरकारकडून मला एकच गोष्ट हवी आहे. साइट्सच्या यादीत असो वा नसो, घरात ठेवलेल्या प्रत्येक परदेशी प्राण्याला नोंदीचा रकाना मिळावा. तो असता तर त्या मुलाने पहिल्याच दिवशी भरला असता, माझ्यापुढे अट ठेवली नसती, आणि पाकिटांतून साप आणणाऱ्यांना "इथेच जन्मला" म्हणणं इतकं सोपं गेलं नसतं.

आणि ज्याला पाळायचा आहे त्याने पैसे मोजण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. मे महिन्यात दुपारी दोनला वीज गेली तर घरी कोण असेल? फ्रीजरमधल्या उंदरांना घरातल्या बाकीच्यांची खरोखर संमती आहे का? आजारी पडला तर कोणत्या डॉक्टरकडे नेणार, त्याचं नाव आत्ता सांगता येतं का? आणि वीस वर्षांत आपण घर सोडलं तर पेटी कोणाच्या हवाली करणार? चिक्कडपल्लीतल्या घराकडे यांतल्या पहिल्या तिन्हींची उत्तरं आहेत. चौथ्याचं उत्तर सध्या निवृत्त शिक्षिका आहेत, आणि त्यांचं वय वाढतं आहे.